पतंगी कागदाखालचा मासा

प्रेमिलाच्या घरी पंच वाजू लागला की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. माजरीच्या कोळसा कॉलनीत आमचे क्वार्टर जोडीचे, मधे एकच भिंत. तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की शिंका आमच्याकडे, आणि आमच्याकडे भांडण झालं की सकाळी नळावर ती माझ्याकडे बघून गालात हसणार. दिवाळी आटोपली की पलीकडून कट्, कट् सुरू व्हायचं. आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "लागली बाई नवीन वर्षाच्या मागे."

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. तेव्हा एकतीस डिसेंबरच्या आत ग्रीटिंग कार्ड पोचलं नाही तर माणसं रुसायची. दुकानाबाहेर सुतळीवर कार्डं टांगलेली असत. त्यांच्यावर समुद्र, नारळाची झाडं, बुडता सूर्य. आमच्या भागात जिकडे बघावं तिकडे साग आणि मोह, पण सगळे एकमेकांना नारळ पाठवत. आत चार ओळींची कविता, ती वाचून माझे दात आंबायचे. प्रेमिला कार्डं हातानं बनवायची आणि त्यात कविता नसायची. म्हणून मला कार्डंही आवडायची आणि बाईही.

पंच म्हणजे मुठीत मावेल एवढं यंत्र. खालच्या फटीत कागद सरकवायचा, वरून अंगठ्यानं दाबायचं, की आकार कापून खाली पडतो. तिचा नवरा विनोद खाणीत पंपावर कामाला होता. त्याच्या एका दिवाळीच्या बोनसातून तिनं चंद्रपूरच्या गोल बाजारातून चार पंच आणले. पान, बदाम, फूल आणि चांदणी. तो बिचारा साडी घे म्हणत होता. तिला खरं तर पाचवाही हवा होता, माशाचा. दुकानदार हसला. "बाई, ग्रीटिंगमधी मासे कोन धाडते?"

मग तिनं मासा स्वतःच जमवला. पानाचं धड आणि बदामाची शेपटी. चांदी सिगारेटच्या पाकिटातली. ती आमचे हे गोळा करून देत. त्यांच्या व्यसनाचा जगाला झालेला एवढाच उपयोग. चांदी कापली की पंचाला धारही लागते, असं ती म्हणे. सुईच्या टोकानं डोळा पाडायचा, मासा कार्डावर चिकटवायचा आणि त्याच्यावर निळा पतंगी कागद लावायचा. तो आधी मुठीत चुरगळून मग सरळ केलेला. चुण्यांमुळे पाणी हलल्यासारखं वाटे आणि खाली मासा अर्धामुर्धा चमके. उजेडाकडे धरला तरच पुरता दिसे.

आमच्या कॉलनीत पांढरं काही पांढरं राहत नाही. दोरीवरची चादर संध्याकाळी झटकली तर तिच्यातून कोळसा उडतो. म्हणून ती दिवसाढवळ्या मच्छरदाणी लावून आत बसायची आणि कार्डं करायची. मी दारातून म्हणायची, "ढिवराची पोर शेवटी जाळ्यातच सापडली ना!"

"सापडली तं सापडली काकू," ती आतून म्हणायची. "पान्यात कोन सोडून राह्यलं मले?"

तिचं माहेर ढिवरांचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं, मार्कंड्याजवळ वैनगंगेच्या काठावर. आई लहानपणीच गेलेली. बापानं, मनसारामनं, पोरीला आपल्या होडीत, डोंग्यातच वाढवलं. जाळं टाकताना दोराचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधायचा, म्हणजे पडली तरी हाताशी राहील. महाशिवरात्रीच्या जत्रेत ती उकडलेले शिंगाडे विकायला बसायची. तिथं विनोद शिंगाडे घ्यायला आला आणि जत्रा संपेपर्यंत शिंगाडेच घेत राहिला. एवढे शिंगाडे कोणी उगीच खात नाही हे मनसारामच्या ध्यानात यायला उशीर झाला.

पोरगा जातीबाहेरचा, त्यातून कोळशातला. पोरगी काही ऐकेना. तेव्हा म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उतरला, ओंजळीत वैनगंगा घेतली आणि बोलला, "जितेपनी तू माह्या दारात नाई, मी तुह्या दारात नाई." ज्याचं पोट नदीवर, त्यानं नदीचं पाणी हातात घेऊन दिलेला शब्द मागे घ्यायचा नसतो. हे मला प्रेमिलानंच सांगितलं, आणि वर बापाचीच बाजू घेतली. म्हणाली, "रागात बोलला थो. पन नदीनं आयकलं ना." मला तर म्हातारा न बघताच डोक्यात गेला होता.

दरवर्षी तिचं पहिलं कार्ड बापाचं असायचं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून आत काही लिहायची नाही. आत नुसता पाण्यातला मासा. पत्ता विनोद घालायचा, पाकिटामागे आपलाही. मग सगळा जानेवारी ती पोस्टमनच्या सायकलीकडे डोळे लावून बसायची. बापाचं पत्र येणार नाही हे तिलाही कळत होतं. पण एखाद्या गाववाल्याच्या हातून दोन शब्दांचा निरोप, 'कार्ड भेटलं', एवढंच हवं होतं तिला. मूलबाळ नव्हतं. विनोद पाळीवर गेला की घर गप्प. माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते पोस्टाच्या पेटीत टाकलेल्या त्या एका कार्डाएवढं होतं. वर्षामागून वर्षं गेली, निरोप काही आला नाही.

"चुलीत घालत असन," ती एकदा नळावर म्हणाली आणि भरलेली बादली पुन्हा ओतून भरायला लागली.

भद्रावतीला पत्रू नावाचा एक स्टेशनरीवाला तिची कार्डं विकायला ठेवायचा. त्यानं एका वर्षी सांगितलं, "बाई, मासा तं दिसतच नाई. कागदाच्या वर लाव ना, मस्त चमकन." गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. खाली निळा कागद आणि त्याच्यावर चांदीचा मासा, अशी कार्डं ती करायला लागली. खपही वाढला. मलाही ती जास्त देखणी वाटली, खोटं कशाला बोलू. बापाचं कार्ड मात्र ती जुन्या रीतीनंच करायची, मासा पाण्याखाली.

२००२ सालच्या डिसेंबरात पत्रूची मागणी मोठी आली आणि हिला नेमका ताप आला. अंगावर शाल घेऊन मच्छरदाणीत बसून पंच दाबत होती. बापाचं कार्ड राहून गेलं. पोस्टात टाकायचा दिवस आला तेव्हा तिनं समोरच्या थप्पीतलं वरचंच एक उचललं आणि विनोदच्या हातात दिलं. मी तिथंच होते. म्हणाली, "चुलीतच जाते तं कोन्तं का असंना."

जानेवारीत एका दुपारी मी ओट्यावर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले होते. कोपऱ्यावरून एक म्हातारा आला. उन्हानं काळवंडलेला, अनवाणी, काखेत गमछ्यात बांधलेलं गाठोडं. माझ्या ओट्यापाशी थांबला.

"विनोदचं घर कुठी हाय बाई?"

मी शेजारचं दार दाखवलं. तो त्या दाराकडे बघत राहिला. मग रस्त्यावर नजर फिरवली, इकडून तिकडे.

"लोकं दिसून नाई राह्यले."

"कोणते लोक?"

"मयतीचे."

माझ्या हातातली शेंग पडली. "कोणाची मयत?"

"माह्या पोरीची," तो म्हणाला.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, कट्.

म्हाताऱ्याला त्या आवाजातलं काय कळणार! तो तसाच उभा होता. मी मात्र जिवाच्या आकांतानं ओरडले, "प्रेमिला! अगं बाहेर ये, प्रेमिला!" ती संक्रांतीची कार्डं करत होती, हातात पंच घेऊनच धावत आली, बोटांना चांदी लागलेली. बापाला बघितलं आणि दारातच खिळली. मनसारामनं तिच्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा वर. तो माझ्या ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग त्यानं बंडीतून कार्ड काढलं. घामानं मऊ झालेलं.

"हे काय धाडलं तू?" तो कडाडला. "मासा पान्यावर काऊन ठेवला?"

प्रेमिलानं कार्ड पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मला काहीच समजेना. मी आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. तेव्हा म्हाताऱ्यानं मला समजावून सांगितलं, अडाणी माणसाला सांगावं तसं. "जित्ता मासा पान्यात ऱ्हायते बाई. वर तरंगला म्हंजे मेला. आतापावेतो हिचे सारे मासे पान्यात होते. मी म्हनत जाओ, पोरगी पान्यात हाय, पोरगी बरी हाय. औंदा पाह्यतो तं मासा वर."

"बा," प्रेमिला म्हणाली. "तू पायत होता?"

"मंग काय करत होतो? सारे जाळ्याच्या खुटीवर लावून हायेत. पावसाचे ओले झाले तं वाळवले बी."

चुलीत घालतो म्हणे! मला रडू आलं आणि रागही आला. एवढं होतं तर एक निरोप धाडायला काय झालं होतं? पण त्याच्या हिशेबानं निरोप तिच्याकडून येत होता आणि तो त्याला पोचत होता. पोच द्यायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

प्रेमिला दोन पायऱ्या उतरली तसा त्यानं हात वर केला. "थांब. आता तू जित्ती हायस. मयतीच्या दाराले शपत लागत नाई, म्हनून आलतो."

मग ती तिच्या ओट्यावर बसली आणि तो माझ्या. मधे हातभर जागा. माझं दार काही शपथेत नव्हतं. तिनं भात टाकला, मी सोललेल्या पोपटाच्या दाण्यांची भाजी केली, आणि ताट मी इकडून तिकडे नेलं. दोघं आपापल्या ओट्यावरून नदीचं बोलत होते. जुना डोंगा फुटला का, हो, गावातल्या चैतूनं नवा केला. दाडक मासे मिळतात का, पहिल्यासारखे नाई. मी मधे आपली पाणी देणारी.

निघताना त्यानं गाठोडं माझ्याकडे सरकवलं, पण त्यावरचा हात काढेना. आत हिरवं लुगडं होतं. लेक मेली तर माहेरचं लुगडं तिच्यावर घालायचं असतं. ते घेऊन तो पहाटेपासून एसटी बदलत आला होता.

"मयतीसाठी घेतलेलं जित्त्याले देऊ नाई म्हनते," तो पुटपुटला.

"आन इकडे," प्रेमिला म्हणाली. "माहेरचं हाय."

मी ते तिच्या हातात दिलं. ती आत गेली आणि नेसूनच बाहेर आली. म्हातारा बघत राहिला. मी म्हटलं, "मनसारामभाऊ, दरवर्षी येत जा. माझा ओटा आहेच." त्यानं मान हलवली. "नाई बाई. नदीवर पोट हाय माह्यं. तिच्याशी एकदा अशी लबाडी झाली, थे तिनं माफ केली असन. दुसऱ्यांदा नाई करत." कोपऱ्यावर जाईपर्यंत त्यानं तीनचारदा मागे वळून पाहिलं. ती हिरवं लुगडं नेसून ओट्यावर उभी होती.

पुढं मोबाइल आले. नवीन वर्षाच्या शुभेच्छा फुकटात यायला लागल्या. पत्रूनं कार्डं ठेवणं बंद केलं. पंचांना गंज चढला. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरातही गप्प राहू लागलं. वर्षातल्या एका दिवशी तेवढं दोनदा हलायचं, एकदा पानासाठी आणि एकदा बदामासाठी.

अशाच एका डिसेंबरात, बहुधा २००८ असेल, मी तिच्याकडे गेले. निळा कागद कार्डावर लावून झाला होता आणि चांदीचा मासा तिनं त्याच्या वर ठेवला होता. डिंक लावलेला नव्हता. नुसता ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत बसली होती. विनोद पाळीवर होता.

"हे काय गं?" मी घाबरूनच विचारलं.

"हा असा धाडला का नाई काकू," ती म्हणाली, "तं भेटल्याबरोबर निंगते थो. दुसऱ्या दिवशी इथी."

मी तिच्याजवळ बसले. आता म्हाताऱ्याला दिसायलाही कमी झालं होतं, एवढी बातमी गावाकडून कोणीतरी आणली होती. मी म्हटलं, "मग धाड ना. येऊ दे. माझ्या ओट्यावर बसेल."

तिनं मासा हळूच बोटावर उचलून घेतला.

"साऱ्या रस्त्यानं मले मेली समजून येईन," ती म्हणाली.

मग तिनं निळा कागद एका कडेनं सोडवला, मासा आत सरकवला आणि कागद पुन्हा दाबून बसवला. कार्ड खिडकीच्या उजेडाकडे धरून मला दाखवलं. मासा पाण्यात होता. बाप काही येणार नव्हता.