अक्काच्या लिंबाचा वाडगा

रामहरी कातारी म्हणजे सोलापुरात पन्नास वर्षं लाकूड फिरवलेला माणूस. खाटेचे खूर, लाटणी, पाळण्याचे खांब, काय न्हाय केलं? एकदा गप्पांच्या नादात एका पाळण्याला पाच खांब करून बसला! हे सगळं तो स्वतःच हसत सांगतो. फक्त अक्काच्या वाडग्याचं निघालं की मान खाली जाते.

त्याचं असं झालं. सुनेनं, अंकितानं, लेथला नवा पंप जोडला. कडेला रबर बसवलेला एक पोकळ डबा लेथवर फिरतो. त्यावर वाडगा पालथा घालायचा. पंपानं आतली हवा ओढली की बाहेरचीच हवा वाडगा दाबून धरते. बूड तासायला मोकळं.

"हवेच्या भरवशावर लाकूड सोडायचं व्हय?" रामहरी हसायचा.

"मामा, पंपावरचा काटा बघत जावा. काटा पडला की कुठून तरी हवा शिरली समजायचं."

मग नातेपुत्याहून गोदाअक्का, त्याची थोरली बहीण, कडुलिंबाचा ओंडका घेऊन आली. तिच्या मालकांनी लावलेलं झाड रस्त्यात गेलं होतं. मालकही राहिले नव्हते. उरला तो एवढाच तुकडा. वाडगा होत आला तशी त्याच्या अंगाला किड्यांची भोकं दिसली. हवा शिरू नये म्हणून अंकितानं त्यावर चिकटपट्टी लावली, वाडगा चढवला, पंप सुरू केला अन् अक्काला चहा द्यायला आत गेली.

रामहरीला ती पट्टी बघवेना. कातार्‍याच्या कामाला ठिगळ! अक्का काय म्हणेल? टर्रकन उपटली. काट्याकडं न बघता लेथ सुरू करून पटाशी टेकवली मात्र, वाडगा सुटला तो थेट भिंतीवर. तीन तुकडे.

अक्का धावत आली, मागोमाग अंकिता. "काय झालं रं?"

"हिच्या पंपानं घात केला," रामहरी बोलून गेला.

अंकितानं एकदाच पाहिलं. पट्टी त्याच्या बंडीला चिकटली होती. "चुकलं आत्या माझं," म्हणाली आणि तुकडे गोळा करू लागली.

तिनं तोंडावर सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं! अक्का तुकडे पदरात बांधून निघाली, तसा तोही तिला एसटीवर सोडायला निघाला. "आजकालच्या पोरींना धीर कसला तो न्हाय," वाटेत पुटपुटली, तेव्हा मात्र त्याचे पायच अडले.

"अक्का, तिनं लावलेली पट्टी मी काढली. म्हणून सुटला."

"मग तितं का गप बसलास? मला सांगून काय उपेग? चल माघारी!"

सत्तरीच्या भावाला मनगटाला धरून तिनं दारात आणून उभं केलं. अंकिता भुसा झाडत होती.

"पोरी, पट्टी मी काढली. खोटं बोललो." त्याची मान वर होईना.

"आत्या उभ्या हायत म्हणून सांगताय का, मामा?"

"व्हय," तो म्हणाला. "एकट्यानं जमलं नसतं."