धुतलेलं कॉलेज

कॉलेज उभं राहतं ते संस्थाचालकांच्या पुण्याईवर, असं आमच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी सांगितलं जायचं. मला ते कधीच पटलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातलं आमचं कॉलेज तगलं ते फक्त केमिस्ट्रीच्या लॅब अटेंडंटमुळे, आणि यावर कुणाला वाद घालायचा असेल तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. अंगाने काडी, आवाज नगाऱ्याचा आणि धुण्याचं वेड असं की परीक्षानळी नळाखाली तीनदा, मग डिस्टिल्ड वॉटरने एकदा, आणि तरीही उजेडात धरून तिच्याकडे संशयाने बघायचे. एका प्राध्यापकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर ती घेण्याआधी काकाजींनी हात धुतले आणि घेतल्यावरही धुतले. प्राध्यापक आठवडाभर फुगून बसले. काकाजींचं म्हणणं एवढंच, "रागवाचं काय त्यात? कागद कोनाकोनाच्या हातून आला, तुमाले मालूम आहे का?"

त्या वर्षी ऐन भाताच्या रोवणीत गावोगाव गॅस्ट्रो पसरला. वसतिगृहातली दोन मुलं दवाखान्यात गेली आणि प्राचार्यांनी कॉलेज बंद करायचं ठरवलं. बाकीच्यांना सुट्टीचा आनंद. मला मात्र ती सुट्टी परवडणारी नव्हती. मी आसगावची, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. एकदा घरी गेले की बाबा परत पाठवणार नव्हते, कारण मला बघायला येणारे पाहुणे तयारच बसले होते. नोटीस लागायच्या आत काकाजी ओल्या हातांनी प्राचार्यांच्या खोलीत शिरले. "सर, पोरं घरी धाडाल त रोगाच्याच गावात धाडाल. मले आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत त्यांनी अख्खं कॉलेज परीक्षानळीसारखं धुऊन काढलं. फाटकात ब्लिचिंगच्या पाण्याची बादली. तीत हात बुडवल्याशिवाय प्राचार्यांनाही प्रवेश नाही. कँटीनच्या कपबशा लॅबमागे चुलीवर उकळायच्या. मेसच्या आचाऱ्याची नखं त्यांनी स्वतः कापली आणि तो बिचारा लहान पोरासारखा हात पुढे करून बसला! पिण्याचं पाणी उकळून ठेवायचं तर हंड्यात कुणीही हात घालणार, म्हणून त्यांनी लॅबमधल्या तोटीच्या मोठ्या काचेच्या बाटल्या सात-सात वेळा घासल्या आणि व्हरांड्यात मांडल्या. घोळ एवढाच झाला की बाटल्यांवर लाल ऑइलपेंटने इंग्रजीत 'सल्फ्युरिक ॲसिड' लिहिलेलं होतं आणि ते काही केल्या निघेना. काकाजी स्वतः पिऊन दाखवायचे, तरी कुणी त्या पाण्याला तोंड लावेना. पोरं पुन्हा चोरून आवारातल्या विहिरीवर जाऊ लागली.

अशात रोगाची बातमी ऐकून बाबा रोवणी टाकून मला न्यायला आले. पिशवी भरून मी रडकुंडीला येऊन उभी होते. बाबा उन्हातून चालत आलेले, इंग्रजीचा गंध नाही. समोर तोटी दिसली, ते गटागट दोन गिलास पाणी प्याले आणि त्यांनी मिशा पुसल्या. व्हरांड्यातली शंभरेक पोरं श्वास रोखून बघत होती. बाबा पडले नाहीत, उलट तिसरा गिलास भरला. मग मात्र पोरांची रांगच लागली, आणि कॉलेज बंदची ती नोटीस शेवटपर्यंत लागलीच नाही.

कुणीतरी बाबांना त्या अक्षरांचा अर्थ सांगितला. ते ताडकन काकाजींकडे वळले. "ॲसिडच्या बाटलीतलं पाजलं तुमी मले?"

"पाजलं. सात खेपा धुतली हाय ते बाटली. तुमच्या गावच्या विहिरीले कोनं धुतलं, सांगा ना भाऊ."

बाबांनी हातातला गिलास खाली ठेवला. आमच्या शेजारच्याच घरातली म्हातारी दोन दिवसांपूर्वी गॅस्ट्रोनेच गेली होती. माझ्या हातातली पिशवी काढून घेत ते मला म्हणाले, "राह्य तू इथंच. पाव्हण्याइले मी सांगतो." आणि गावात कुणापुढे मान न वाकवणाऱ्या माझ्या बाबांनी काकाजींचे दोन्ही हात हातात घेऊन कपाळाला लावले. तेव्हा मला ते हात पहिल्यांदा नीट दिसले. ब्लिचिंगने बोटांची सालं निघाली होती, भेगांतून रक्त आलेलं होतं. पुढे त्या हातांनी धुतलेल्या नळ्यांत प्रयोग करत मी बी.एस्सी. झाले, शिक्षिका झाले. पण काकाजी, हात दुखतात का हो, एवढं विचारायचं मात्र राहूनच गेलं.