तशरीफ रखिए

"बस. आनखी खाली. हां, आता बराबर."

पाटील असं म्हणाला आणि माझा बाप गुडघे वाकवून हवेतच बसला. खाली खुर्ची नव्हती, पाट नव्हता, काहीच नव्हतं. भर दुपारी, पाटलाच्या अंगणात, ओसरीवरच्या आठ-दहा माणसांसमोर.

हे माझ्यामुळं झालं.

आम्ही महारवाड्यातले. बापाच्या वाट्याला वेठ. गिरदावर, म्हणजे वसुलीचा साहेब, गावात आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, घोड्याला चारा घालायचा. घरी आला की मात्र बाप वेगळाच माणूस व्हायचा. सेनगावापर्यंत घोडं दमलं, मी न्हाई दमलो, म्हणायचा. वाटेत बिबट्या आडवा आला, तो नुसता खाकरून पळवला, म्हणायचा. आणि त्याची सगळ्यात लाडकी थाप ही, की खुद्द गिरदावरानं त्याला 'तशरीफ रखिए' म्हणून शेजारी खुर्चीवर बसवलं. आई तोंडाला पदर लावून हसायची. मी नऊ वर्षांचा. मला सगळं खरं वाटायचं. माझ्या बापासारखा बाप पंचक्रोशीत नाही, अशी माझी खात्रीच होती.

त्या दिवशी मी बापासोबत चाऱ्याचा भारा घेऊन गेलो. गिरदावर आला. पाटलानं खुर्ची पुढं केली आणि लवून म्हणाला, "तशरीफ रखिए."

मी बापाचा हात ओढला. "बा, बस की. तुलाच म्हणून राहिले."

ओसरीवरचे सगळे आमच्याकडं वळले. पाटलानं विचारलं, "काहून रे, तुझा बाप कवा बसला व्हता खुर्चीवर?"

मी छाती फुगवून सांगितलं. घोडं, बिबट्या, खुर्ची, सगळं. बाप माझ्याकडं बघत होता. गप्प हो, म्हणत होता डोळ्यांनी. मला कळलं नाही.

मग पाटलानं बापाला करायला लावलेली ती हवेतली बैठक. बापाच्या मांड्या थरथरायला लागल्या. पाटील हसला, गिरदावर हसला. बापही हसला. आणि सगळे हसतात म्हणून मी हसलो. त्या हसण्याची लाज अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

घरी आल्यावर बाप आईला म्हणाला, "आज पाटलानं मला समद्यायसमोर बसवलं."

"खोटं!" मी ओरडलो.

त्यानं मारलं नाही. उठून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं घरात एकही गोष्ट सांगितली नाही. मला जेवण गोड लागेना, एका जागी बसवेना. पाटलाकडं पाहुणे आले की बापाला 'ए तशरीफ' अशी हाक यायची आणि तो जाऊन बसून दाखवायचा. वर्षानुवर्षं. शेवटी त्याचे गुडघे गेले. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पाटलानं मला बोलावलं.

"आता तू बसून दाखीव."

"न्हाई बसत."

"काय म्हणलास?"

"न्हाई बसत म्हणलं. उभाच राहीन."

जोडा आला. कपाळ फुटलं. मी उभाच राहिलो.

बापाच्या थापांचा मला फार राग यायचा. आता येत नाही. दिवसभर ज्याला कुणी माणूस म्हणून विचारत नव्हतं, तो संध्याकाळी स्वतःच स्वतःला विचारायचा, इतकंच. पण मी थाप मारणार नाही. माझ्या लेकरांना घडलं तेच सांगणार. कुणी बसवलं, कोण हसलं, मी हसलो तेही. आणि वेठ करणार नाही. मी नाही, माझी लेकरंही नाहीत. ज्याला जोडा फेकायचा त्यानं फेकावा.