डावीकडे जाणारी गोळी
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की दुबईपलीकडच्या फुजैऱ्यातलं, मी कामाला होतो ते शेत आठवतं. आमच्या अरबाबाने, म्हणजे मालकाने, शिकारीची, तशाच तेलाच्या वासाची नवी रायफल आणली होती, पण प्रत्येक गोळी नेमासाठी ठेवलेल्या डब्याच्या डावीकडेच जात होती. "हात किसने लगाया?" त्याने ड्रायव्हरकडे रोखून पाहिलं, रायफल त्याच्याच पिकअपमधून आली होती. "दादा, पेटी पन नाय उघडली मी," तो मला म्हणाला. त्याची नोकरी जाणार हे दिसत होतं. मी रायफल रिकामी करून वरची दुर्बीण हलवून पाहिली. दगडधोंड्यांच्या रस्त्यावर गचके बसून तिचे स्क्रू ढिले झाले होते. ते आवळले, नेम जुळवला आणि पुढच्या गोळीला डबा उडाला. ड्रायव्हर सुटला. अरबाब मात्र आता संशयाने माझ्याकडे वळला. "तुम को कैसे मालूम, कौन सा स्क्रू ढीला?" आता कुणाचंही काही दुरुस्त करताना पेचकस मी आधी मालकाच्याच हातात देतो, ढिला स्क्रू त्यालाच सापडू दे.