अण्णाची टाकी आणि वडिलांचा कार्बोरेटर

"बंद कर अण्णा! आधी बटण बंद कर! उकळाय लागलंय ते!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की वडगावातल्या विणकरांचे सगळे माग दचकून थांबले असतील. अण्णा, माझा थोरला चुलतभाऊ, खुर्चीतून हलला नाही.

"उकळत न्हाय रं, घाण सुटाय लागलीय. गप बस."

टाकीत वडिलांच्या मोटरसायकलचा कार्बोरेटर होता. गाडी माझ्याहून वयानं मोठी, घरात मानही तिलाच जास्त. वडिलांना आता जिना उतरवत नाही. मी सकाळी खाली किक मारायची, त्यांनी वर खिडकीत बसून आवाज ऐकायचा, मगच चहा. अलीकडं गाडी गुदमरायची, आणि वडिलांचा चहा निवायचा. नवा कार्बोरेटर मिळत नव्हता. चिकोडीपासून निपाणीपर्यंत एकाही भंगारवाल्याला मी सुखानं झोपू दिलं नव्हतं.

अण्णानं माग विकून हे गाड्यांचे सुटे भाग धुण्याचं यंत्र घेतलेलं. स्टीलच्या टाकीतलं पाणी असं थरथरतं की डोंगर बुडवला तरी त्याची माती सुटावी. सोबत धुण्याच्या पाण्याचे दोन कॅन आलेले, एक लोखंडासाठी, एक ॲल्युमिनियमसाठी. ॲल्युमिनियमचा संपलेला, आणि कार्बोरेटर नेमका ॲल्युमिनियमचा.

"मागव की," मी म्हणालो होतो.

"कशाला? आज्जापास्नं सूत कशात उकळतोय आपण? कॉस्टिक सोड्यात. सुताची खळ जाती, तितं पेट्रोलची राळ टिकंल व्हय?"

सुताला सोडा मानवतो. ॲल्युमिनियमला तो खातो, हे आम्हा दोघांनाही फेस टाकीबाहेर आला तेव्हा कळलं.

मीच बटण बंद केलं. चिमट्यानं काढलेला कार्बोरेटर तव्यासारखा काळा होता. आटे झिजून गेलेले, भोकं इतकी फाकलेली की त्यातून पलीकडचं कडोली गाव दिसलं असतं. मी धुतला, पुसला, फुंकला. हाताला नुसती काजळी येत राहिली.

"दुसरा बघू," अण्णा म्हणाला.

"कुठं बघायचा?"

अण्णा खुर्चीतून उठला आणि टाकी रिकामी करायला लागला.

घरी येताना मी एक झकास थाप जुळवली. तिच्यात माकड होतं, तलाव होता, पोलीसही होता. पण वडील खिडकीत बसलेले दिसले आणि माकड जिन्यातच राहिलं. झालं ते सरळ सांगितलं.

त्यांनी खाली गाडीकडं पाहिलं.

"विकून टाक," म्हणाले.