चांदीची नाणी आणि अर्धा चहा

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात भाड्याच्या खोलीत एकटाच राहत होतो. भाव वाढला की विकू, म्हणून टांकसाळीतून चांदीची स्मारक नाणी मागवली होती. दर रविवारी ती रुमालात बांधून नवी पेठेतल्या सराफाकडे जायचो.

"बसा की. अजून भाव न्हाय," तो म्हणायचा आणि आपला अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवायचा. चहा पांचट असायचा, पण आठवडाभरात मला 'बसा' म्हणणारा तो एकटाच.

एका रविवारी त्यानं नाणं दगडावर वाजवून पाहिलं. "दुप्पट देतो. काढून टाका आता."

मला त्याचा रागच आला. "थांबतो अजून," म्हणत मी रुमालाला गाठ मारली.

तो हसला. "तुमाला लई हाव हाय."

"हाय," म्हणालो आणि चहाची वाट बघत बसून राहिलो.