नानांचा माघातला वसंत

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला मुलीकडे होते. एरंडोलला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माझी आई, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणते, ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "माघ लागाना आठ दिन आधी गया..."

नाना आमचे शेजारी, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात, हे चिनी वैद्यकाच्या नादी लागले. हिंदी पुस्तकं मागवली, रंगीत पेन्सिलींनी रंगवून वाचली. वसंत हा यकृताचा ऋतू, कोवळं हिरवं खा, आंबट कमी करा, थोडी कांद्याची पात, थोडं आलं, सकाळी फिरा आणि राग पोटात ठेवू नका... हे ते इतका जीव लावून सांगत की ऐकणाऱ्याला तिथंच भूक लागे. मी चिडवायची, "नाना, चीनला शेवभाजी ठाऊक आहे का?" ते म्हणत, "असती तर पुस्तक आणखी जाड झालं असतं."

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. आपला वसंत चैत्रात, म्हणून नानांनी पाडव्यापासून गल्लीला आल्याचा काढा आणि पात सुरू करून दिली. बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. चौथ्या दिवशी अक्काचा घोळणा फुटला. काढ्यानं की उन्हानं, देव जाणे, पण अक्का कडाडली, "नाकमाईन रगत निंघनं मना! तुना हातनं आते काहीच खावाव नही मी."

दुसरा कुणी असता तर त्यानं उन्हाकडे बोट दाखवलं असतं. नाना मात्र घरोघर हात जोडून फिरले, "चूक माझी, काढा बंद करा." मग पुन्हा पुस्तकं उघडून बसले, आणि कळलं की चिन्यांचा वसंत आपल्या माघाच्या सुमाराला लागतो, थंडी निघते तेव्हा. मला म्हणाले, "पुस्तक वाचलं, पंचांगही वाचलं. दोन्ही शेजारी ठेवून नाही वाचली." शिकवणाऱ्या माणसानं आपली चूक इतकी सरळ सांगितलेली मी कधी ऐकली नव्हती. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

गल्ली पुन्हा त्यांचं ऐकू लागली, अक्का सोडून. दर माघात नाना कोवळी पात धुऊन आमच्या ओट्यावर येत.

"अक्का, खाशी का?"

"तू खाय पहिले."

ते तिच्यासमोर बसून कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरीशी पात खात. ती शेवटच्या घासापर्यंत बघे आणि नको म्हणून मान हलवे. "ऱ्हाऊ दे, पुढला माघले," म्हणून ते हसत उठत. अशी सहा वर्षं. एकदा मी आईवर चिडले, किती छळतेस म्हणून. ती म्हणाली, "दखू दे ना, कितला दम शे त्याना."

यंदा, नाना गेल्यावर आठ दिवसांनी, माघ लागला तसं अक्कानं मला पात आणायला लावली. स्वतः भाकरी थापली, ताटली घेऊन ओट्यावर बसली. बराच वेळ हात लावेना. मी म्हटलं, "खा ना आई."

"आते पहिले कोन खाई?"

तिनं नानांच्या बंद दाराकडे पाहिलं, एक पात उचलली आणि खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी चावत होती.

"कवळी शे रे, नाना," ती दाराकडे बघत म्हणाली.